प्रकाशाच्या चिपवर रेणूची कंपने : हे गणन आहे की नुसती नक्कल?

माटुंग्याचा_मास्तर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मध्य मुंबईतल्या एका महाविद्यालयात मी एकतीस वर्षे भौतिक रसायनशास्त्र शिकवले आणि त्यातली निदान पंचवीस वर्षे तरी फळ्यावर तेच दोन वाडगे काढले. खालचा वाडगा म्हणजे रेणूची मूळ अवस्था आणि वरचा, किंचित उजवीकडे सरकलेला वाडगा म्हणजे प्रकाश शोषल्यानंतरची अवस्था. इलेक्ट्रॉन क्षणार्धात वर जातो, जड अणुकेंद्रे मात्र जागची हलतही नाहीत, आणि त्यामुळे ती नव्या वाडग्यात तळाशी नव्हे तर उतारावर जागी होतात. मग ती कंप पावू लागतात. कोणत्या कंपनाला किती वाटा मिळतो हे फ्रँक-कॉंडन गुणकांवरून ठरते आणि त्यावरून रंगद्रव्याच्या वर्णपटाचा आकार ठरतो.

मुलांना मी एवढेच सांगून पुढे जायचो, कारण पुढचा भाग सांगण्यासारखा सोपा नव्हता. पाण्याच्या रेणूला तीन मूलभूत कंपने असतात, बेंझिनला तीस. एका वाडग्याऐवजी तीस वाडगे एकदम सरकतात, काही रुंद होतात, काही अरुंद. आणि वरच्या अवस्थेतली कंपने ही खालच्या अवस्थेतल्या कंपनांची सरमिसळ असते, ही गोष्ट दुशिन्स्की यांनी १९३७ मध्येच दाखवून दिली होती. प्रत्येक कंपनात शून्य, एक, दोन, तीन असे कितीही पुंज, म्हणजे ऊर्जेचे ठरावीक हप्ते, असू शकतात, त्यामुळे शक्यतांची संख्या हिशेबाबाहेर जाते.

अलीकडे माझ्या वाचनात आले की इंग्लंडमधल्या ब्रिस्टल येथील गटाने २०१८ मध्ये प्रकाशवाहिन्यांच्या एका चिपवर चार अणूंच्या रेणूंची कंपने ‘चालवून’ दाखवली. त्यांत सल्फर ट्रायऑक्साइड होते, आयसोसायनिक आम्ल होते, चार फॉस्फरस अणूंचा रेणूही होता. माझा प्रश्न असा आहे की काचेत कोरलेल्या वाटांवरून धावणारा फोटॉन आणि फॉस्फरसच्या रेणूतले कंपन यांचा एकमेकांशी नेमका संबंध काय? हे गणन आहे, की दिसायला सारखी दिसणारी एक नक्कल? जाणकारांनी सविस्तर लिहावे. माझे गणित गंजलेले असले तरी पूर्ण गेलेले नाही.

पवई_तळ्याकाठी

सर, नमस्कार. मी पुंज-प्रकाशिकीत संशोधन करणारी विद्यार्थिनी आहे, त्यामुळे पहिला प्रयत्न मी करते.

संबंध वरवरचा नाही. समीकरण तेच आहे. आदर्श स्प्रिंगवर झुलणारे वजन आणि एका ठरावीक वारंवारतेचा प्रकाश ही दोन्ही पुंजयामिकीत एकाच साच्याची, म्हणजे सरल दोलकाची, उदाहरणे आहेत. दोघांच्याही ऊर्जेच्या पायऱ्या सारख्या अंतरावर असतात. कंपनात एक पायरी चढणे म्हणजे एक कंपनपुंज, आणि प्रकाशात एक पायरी चढणे म्हणजे एक फोटॉन. दोन्ही बोस यांच्या सांख्यिकीनुसार वागतात, जी त्यांनी १९२४ मध्ये ढाक्याहून आइन्स्टाइन यांना पाठवलेल्या लेखात मांडली होती. म्हणून ‘तिसऱ्या कंपनात दोन पुंज’ हे विधान चिपवर ‘तिसऱ्या वाटेत दोन फोटॉन’ असे जसेच्या तसे लिहिता येते.

ब्रिस्टलच्या चिपमध्ये सहा वाटा होत्या. आता आपलेच सूत्र आठवा : अणूंच्या संख्येची तिप्पट, वजा सहा. चार अणूंच्या रेणूला बरोबर सहा कंपने येतात, आणि चार अणूंचेच रेणू त्यांनी का निवडले याचे उत्तर त्यातच आहे. वाटा जागोजागी एकमेकींजवळ येतात आणि तिथे प्रकाश एकीतून दुसरीत झिरपतो. प्रत्येक ठिकाणी बारीक तापक असतात. ते काचेचा तुकडा किंचित गरम करतात आणि त्यामुळे प्रकाशाची कला, म्हणजे लहर किती पुढे-मागे आहे ते, बदलते. त्या चिपवर असे तीस तापक होते. त्यांना योग्य विद्युतदाब दिला की सहा वाटांमधली कोणतीही सरमिसळ घडवता येते. म्हणजे आज सल्फर ट्रायऑक्साइड आणि उद्या आयसोसायनिक आम्ल. चिप तीच राहते, फक्त तापकांचे आकडे बदलतात.

तुमच्या दोन वाडग्यांचा प्रश्न मात्र याहून थोडा वेगळा आहे आणि त्याची मांडणी हु, अस्पुरु-गुझिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये केली. वाडगा सरकणे म्हणजे प्रकाशाला लेझरने दिलेला एक ठरावीक धक्का. वाडगा रुंद किंवा अरुंद होणे म्हणजे स्क्वीझ्ड प्रकाश, ज्यात एका राशीची अनिश्चितता कमी करून तिच्या जोडीदार राशीची वाढवलेली असते. फुगा एका बाजूने दाबला की दुसऱ्या बाजूने फुगतो तसे. आणि दुशिन्स्की यांची सरमिसळ म्हणजे वाटांचे जाळे. या तिन्ही गोष्टी प्रयोगशाळेत करता येतात. शेवटी प्रत्येक वाटेच्या टोकाला फोटॉन मोजायचे, त्या त्या कंपनाच्या वारंवारतेने गुणून बेरीज करायची आणि त्या ऊर्जेच्या रकान्यात एक काडी ओढायची. हजारो वेळा केले की काड्यांचा ढीग वर्णपटाचा आकार घेतो.

शंकेखोर_सीएसएमटी

धागा चांगला आहे, पण ‘गणन’ हा शब्द इथे फार सैलपणे वापरला जात आहे असे मला वाटते. विमानाची प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून मोजमाप घेतात, तिला आपण संगणक म्हणत नाही. सहा वाटांच्या चिपवर जे काही चालवले ते माझ्या या लॅपटॉपवर चहा होईपर्यंत होते. रेणूबद्दल आधी माहीत नसलेली एक तरी गोष्ट त्यातून कळली का?

आणि मुळात एवढ्या उठाठेवीची गरज कुठे आहे? फोटॉन एकमेकांशी बोलत नाहीत. दोन बॅटऱ्यांचे झोत एकमेकांवर टाकले तर ते आरपार निघून जातात. जे एकमेकांशी बोलतच नाहीत त्यांचा हिशेब अवघड का असावा?

पवई_तळ्याकाठी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण या विषयातला सगळा पेच तिथेच आहे.

फोटॉन एकमेकांवर बल लावत नाहीत हे खरे, पण ते एकमेकांपासून वेगळे ओळखताही येत नाहीत. अर्धा प्रकाश आरपार आणि अर्धा परावर्तित करणारी एक काच घ्या आणि तिच्या दोन बाजूंनी दोन अगदी एकसारखे फोटॉन एकाच क्षणी पाठवा. नाणेफेकीच्या हिशेबाने अर्ध्या वेळा ते वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडायला हवेत. प्रत्यक्षात ते नेहमी एकाच दाराने जोडीने बाहेर पडतात. हाँग, ओऊ आणि मँडेल यांनी हे १९८७ मध्ये प्रयोगाने दाखवले. प्रयोगशाळेत मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा दिसले ते एवढेच : एका फोटॉनच्या मार्गातला आरसा मी मायक्रोमीटरने हळूहळू सरकवत होते आणि पडद्यावर दोन्ही शोधक (फोटॉन टिपणारी उपकरणे) एकदम वाजण्याचा आकडा, तोवर निवांत चाललेला, अचानक खाली घसरू लागला, तळाला गेला आणि स्क्रू आणखी थोडा फिरवताच पुन्हा वर आला. आरशाची सरक केसाच्या जाडीपेक्षाही कमी होती.

आता दोनऐवजी पन्नास फोटॉन आणि एका काचेऐवजी शेकडो काचा घ्या. कोणता फोटॉन कुठून आला हे ओळखता येत नसल्यामुळे सर्व शक्य अदलाबदलींची बेरीज करावी लागते. या बेरजेला पर्मनंट म्हणतात. निश्चयक काढताना काही पदांना वजा चिन्ह लागते हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. ती सगळी चिन्हे अधिक केली की पर्मनंट मिळतो. चिन्हांचा हा फरक दिसायला किरकोळ आहे, पण वजा चिन्हांमुळे निश्चयकात पदे एकमेकांना खातात आणि हिशेब झटपट होतो, तर पर्मनंटसाठी अशी पळवाट सापडलेली नाही. तो किती अवघड आहे हे व्हॅलियंट यांनी १९७९ मध्ये सिद्ध केले आणि आरॉन्सन व आर्खिपोव्ह यांनी २०११ मध्ये त्यावरूनच असा मुद्दा मांडला की नुसत्या काचा, फोटॉन आणि शोधक यांचे यंत्रसुद्धा साध्या संगणकाला जड जाईल. २०२० मध्ये चीनमधल्या हफै येथील ‘ज्युचांग’ या यंत्राने शंभर वाटांच्या जाळ्यात ७६ पर्यंत फोटॉन मोजून दाखवले, तर २०२२ मध्ये कॅनडाच्या ‘बोरिअलिस’ने २१६ स्क्वीझ्ड स्पंदांवर हाच खेळ केला.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर : नाही. ब्रिस्टलच्या प्रयोगातून रेणूबद्दल नवी गोष्ट कळली नाही. हे मी आडपडदा न ठेवता मान्य करते.

माटुंग्याचा_मास्तर

वा! ‘न बोलणारे इलेक्ट्रॉन सोपे, पण न बोलणारे फोटॉन अवघड’ असे सूत्र यातून निघते की काय? इलेक्ट्रॉनांची जागा अदलाबदल केली की वजा चिन्ह येते, म्हणूनच आम्ही स्लेटर निश्चयक शिकवायचो. निश्चयक सोपा का, हे मला चाळीस वर्षांनी कळले.

शंकेखोर_सीएसएमटी

मास्तर, इतक्यात हुरळून जाऊ नका. पर्मनंट अवघड असतो, कबूल. पण तुम्हाला पर्मनंट हवा आहे का? तुम्हाला वर्णपट हवा आहे, आणि या दोन गोष्टी एक नाहीत.

पन्नास फोटॉन कोणकोणत्या वाटांनी बाहेर पडले याची एकेक शक्यता काढणे जड असेल. पण वर्णपटात आपण काय करतो? ताईंनीच वर लिहिले आहे की ऊर्जेच्या एका रकान्यात येणाऱ्या असंख्य शक्यतांची आपण बेरीज करतो. एकेका प्रवाशाचे तिकीट तपासणे आणि दादरला किती माणसे उतरली एवढे मोजणे यांत फरक आहे. ओह, फेफरमन, जियांग आणि सहकाऱ्यांनी नेमके हेच पकडले. त्यांचा निबंध २०२४ मध्ये ‘नेचर फिजिक्स’मध्ये आला. रकान्यांची बेरीज थेट करण्याऐवजी तिचे फूरिये रूपांतर काढायचे, म्हणजे ती लहरींच्या बेरजेच्या रूपात मांडायची. वाडगे आदर्श असतील, म्हणजे सगळी कंपने स्प्रिंगसारखी धरली असतील, तर त्या रूपांतराचे सूत्र आटोपशीर मिळते आणि ते उलटे फिरवले की वर्णपट हाती येतो. प्रकाशयंत्रालाही नमुने मोजूनच उत्तर द्यायचे असल्यामुळे त्याच्या उत्तरात सांख्यिकीय चूक राहतेच, आणि तेवढीच चूक चालवून घेतली तर साधा संगणकही हे काम वाजवी वेळात करतो.

तेव्हा हु आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ज्या कामासाठी हे यंत्र सुचवले होते, त्या कामात त्याची आघाडी उरलेली नाही. मला यात आनंद होतो असे नाही, पण हे माहीत नसल्यासारखे लिहिणे बरोबर नाही.

पवई_तळ्याकाठी

तो निबंध मला माहीत आहे आणि माझ्या पहिल्या प्रतिसादात त्याचा उल्लेख यायला हवा होता. ती माझी चूक. पण ‘आदर्श वाडगे असतील तर’ या तुमच्या अटीकडे सर्वांनी लक्ष द्यावे अशी विनंती. खरा रेणू आदर्श वाडग्यात राहत नाही.

मॅनहोलवाला

मी रेणूंतला माणूस नाही. गेली अठरा वर्षे मुंबईच्या रस्त्यांखाली प्रकाशतंतू टाकणे, जोडणे आणि तुटलेले शोधणे हे माझे काम आहे. वर सर्व जण फोटॉन इकडून तिकडे गेले असे इतक्या सहजपणे लिहीत आहेत की राहवत नाही म्हणून लिहितो.

फोटॉन हरवतात. चांगल्या तंतूत एका किलोमीटरमागे ०.२ डेसिबल घट होते, म्हणजे शंभरातले साडेचार गेले. स्प्लायसिंग मशीनने नीट जोड मारला तर तिथे नगण्य घट होते. पण जिथे कनेक्टर आला तिथे ०.३ डेसिबल धरावेच लागतात, म्हणजे शंभरातले जवळपास सात. असे दहा कनेक्टर झाले की निम्मा प्रकाश गेला. आमच्या धंद्यात याने कोणाची झोप उडत नाही. लिंक बजेटमध्ये ३ डेसिबल लिहून ठेवायचे आणि वाटेत एर्बियमचा वर्धक बसवायचा.

फोटॉनांवर असे गणन करणाऱ्यांना मात्र वर्धक बसवता येत नाही. एकटा फोटॉन जसाच्या तसा दुप्पट करता येत नाही, हा निसर्गाचा नियम आहे आणि त्याला तोड नाही. मग हिशेब असा होतो : वीस फोटॉन पाठवले आणि प्रत्येकाची पोहोचण्याची शक्यता निम्मी असेल, तर वीसच्या वीस पोहोचण्याची शक्यता दहा लाखांत एक. प्रत्येकाची शक्यता ९० टक्के असली तरी पन्नासच्या पन्नास पोहोचण्याची वेळ दोनशेत एकदाच येते.

मागच्या पावसाळ्यात एका चेंबरमध्ये गुडघाभर पाण्यात उभा राहून मी चार तास एक जोड शोधत होतो. ओटीडीआरवर (तंतूत कुठे किती प्रकाश कमी होतो ते दाखवणारे यंत्र) रेघ खाली उतरलेली दिसत होती, पण तुटलेले काही सापडेना. शेवटी निघाले काय, तर पॅच कॉर्डच्या टोकावर, जिथे काचेचा गाभा फक्त नऊ मायक्रॉनचा असतो, नेमक्या त्या जागी धुळीचा एक कण चिकटून बसला होता. अल्कोहोलने पुसला आणि रेघ वर आली. कोणाचा तरी वर्णपट अशाच एका कणामुळे बदललेला असला तर त्यांना ते कसे कळणार?

पवई_तळ्याकाठी

दादा, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रतिसाद आहे असे मी मनापासून म्हणते, आणि शेवटच्या प्रश्नावर थोडे थांबून लिहिते.

हरवलेला फोटॉन या नकाशात हरवलेला कंपनपुंज असतो. तीन फोटॉनांऐवजी दोन मोजले गेले की रेणूची ऊर्जा खऱ्यापेक्षा कमी भरते आणि वर्णपटातली काडी डावीकडच्या रकान्यात पडते. म्हणजे घट नुसती इकडे-तिकडे विखुरणारी चूक वाढवत नाही. ती वर्णपटाला एका ठरावीक दिशेने, कमी ऊर्जेकडे, ओढते. फोटॉन मोजून पाठवलेले असतील तर निदान उपाय आहे : चार पाठवले आणि तीन आले तर तो प्रयत्न फेकून द्यायचा. स्क्वीझ्ड प्रकाशात मात्र किती फोटॉन निघाले हेच आधी ठरलेले नसते. तिथे तीन आले तर तीनच निघाले होते की पाच निघून दोन हरवले, हे एका प्रयत्नावरून सांगता येत नाही. सरासरी घट मोजून नंतर गणिताने दुरुस्ती करतात, पण घट वाढली की दुरुस्तीतली चूकही वाढते.

गंमत अशी की घट जास्त झाली की शंकेखोर यांच्या बाजूचे हात बळकट होतात. ज्युचांगसारख्या यंत्रांमध्ये बरेचसे फोटॉन वाटेत हरवतात, आणि उरलेल्या प्रकाशातला खरोखर पुंज स्वरूपाचा भाग इतका लहान उरतो की त्याचा हिशेब साध्या संगणकाच्या आवाक्यात येतो, असे त्याच मंडळींनी दुसऱ्या एका निबंधात दाखवले.

गोरेगाव_पूर्व

वाचनखूण साठवली आहे. एक अवांतर प्रश्न : राष्ट्रीय क्वांटम मिशनमधला पवईचा विभाग हेच काम करतो का? मागे एका संस्थेच्या ‘क्वांटम’ कार्यशाळेला मी नऊ हजार रुपये भरले होते. दोन दिवस निव्वळ स्लाइड दाखवल्या आणि भारतातली सगळी कामे पवईत होतात असे सांगितले.

पवई_तळ्याकाठी

नाही. हे मिशन एप्रिल २०२३ मध्ये सुमारे ६,००३ कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर झाले आणि त्यात चार केंद्रे ठरली. पवईच्या आयआयटीकडे पुंज-संवेदन आणि मापनशास्त्र आहे, तर संगणनाचे केंद्र बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत आहे. नऊ हजारांबद्दल वाईट वाटले.

ऐरोली_लोकल

मी औषधनिर्मितीच्या क्षेत्रात संगणकीय रसायनाचे काम करते, म्हणून ग्राहकाच्या बाजूने लिहिते. वर सगळी चर्चा कंपनांची झाली. माझ्या टेबलावर येणारे दहांपैकी नऊ प्रश्न कंपनांचे नसतात, इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचे असतात. हा रेणू त्या प्रथिनाच्या खोबणीत किती घट्ट बसेल, ही अभिक्रिया या वाटेने जाईल की त्या, असे ते प्रश्न. तिथे चूक मोलमागे एक किलोकॅलरीच्या आत ठेवावी लागते. तेवढी चूकसुद्धा नेहमीच्या तापमानाला अभिक्रियेचा वेग पाचपट इकडे-तिकडे करते.

प्रकाशयंत्रांनी हेही करून पाहिले आहे. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड येथील गटाने हायड्रोजन रेणूची ऊर्जा फोटॉनांवर काढली, आणि तीही द्विमान (० आणि १ च्या) पद्धतीने वीस अंकांपर्यंत. वाचायला भारदस्त वाटते. पण सर्वांत लहान आधारसंच (इलेक्ट्रॉनांच्या स्थिती मांडायला वापरायच्या फलांचा संच) घेतला तर हायड्रोजनचा प्रश्न सममितीमुळे दोन गुणिले दोनच्या मॅट्रिक्सवर येतो, आणि ती सोडवायला वर्गसमीकरण पुरते. मास्तरांनी ते दुसऱ्या वर्षाच्या मुलांना घरी करायला दिले असते. वीस अंक त्या लहान मॅट्रिक्सच्या उत्तराचे होते, खऱ्या हायड्रोजनचे नव्हेत. २०१४ मध्ये पेरुझ्झो आणि सहकाऱ्यांनी हीलियम हायड्राइड आयनावर काम केले. त्यात प्रकाशाच्या चिपने मोजायचे आणि साध्या संगणकाने तापकांचे आकडे सुधारत न्यायचे, अशी दोघांमध्ये वाटणी होती. ती वाटणी पुढे सगळ्या प्रकारच्या पुंज-संगणकांवर रुळली, आणि माझ्या मते त्या प्रयोगाचे खरे योगदान तेच आहे. (हाच आयन विश्वातला पहिला रेणू मानला जातो आणि २०१९ मध्ये तो एका ग्रहीय तेजोमेघात सापडला, हे जाता जाता.)

अडचण अशी आहे की इलेक्ट्रॉन एकमेकांशी सतत बोलतात, आणि फोटॉन बोलत नाहीत. त्यांना बोलायला लावण्याची युक्ती निल, लाफ्लाम आणि मिलबर्न यांनी २००१ मध्ये दाखवली : जास्तीचे फोटॉन घ्यायचे, ते मोजायचे आणि मोजणी हवी तशी आली तरच पुढे जायचे. म्हणजे प्रत्येक पायरीवर नाणेफेक, आणि त्यात मॅनहोलवाला यांची घट वेगळी. तेव्हा कंपनांसाठी प्रकाश जातीचा आहे, इलेक्ट्रॉनांसाठी तो उसना आणावा लागतो, असे माझे मत आहे.

शंकेखोर_सीएसएमटी

+१. आणि कंपनांसाठी तरी प्रकाशच कशाला? येलच्या गटाने अतिवाहक पोकळ्यांमध्ये २०२० मध्ये पाणी, ओझोन अशा तीन अणूंच्या रेणूंचे वर्णपट काढले. सिडनीत २०२३ मध्ये सापळ्यात धरलेल्या एकाच आयनावर प्रकाश-अभिक्रियेतली एक महत्त्वाची घटना शंभर अब्ज पटींनी मंद करून पाहिली. तिथे दोलकांना वाकवता, बिघडवता येते. प्रकाशाची हट्टी सरळ चाल तिथे नाही.

माटुंग्याचा_मास्तर

दोन दिवस उत्तर दिले नाही, कारण मी एक प्रयोग करत होतो.

आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आहे. तिला मी एकसारखे दोन पितळी लोटे सारख्या लांबीच्या सुतळीने टांगले. डावा लोटा ओढून सोडला. पाच-सात झोके झाले, मग तो मंदावू लागला आणि उजवा, ज्याला कोणी हात लावला नव्हता, तो हलू लागला. थोड्या वेळाने डावा ठप्प आणि उजवा जोरात. मग पुन्हा उलट. नातू म्हणाला, ‘आजोबा, हे एकमेकांना पास देताहेत.’ दोरी मधून जात असल्याने दोघांची सरमिसळ होते. आपल्या चिपमध्ये दोन वाटा जवळ आल्यावर जे होते तेच हे, पुंज वगळून. इथपर्यंत पवईच्या मुलीचे म्हणणे मला डोळ्यांनी दिसले.

मग मी डावा लोटा मुद्दाम फार लांब, जवळपास साठ अंशांपर्यंत, ओढून सोडला. तो उजव्याला नीट पास देईना. काही ऊर्जा गेली, पण पूर्ण कधीच गेली नाही. कारण उघड आहे : साठ अंशांच्या झोक्याला लहान झोक्यापेक्षा सुमारे सात टक्के जास्त वेळ लागतो, त्यामुळे दोघांचा ताल जुळत नाही. लोटा तोच, सुतळी तीच, पण झोका मोठा झाला की तो स्प्रिंगसारखा वागायचे सोडतो.

खऱ्या रेणूत हे पहिल्याच पायरीपासून दिसते. हायड्रोजन क्लोराइडची पहिली कंपन-उडी २८८६ तरंगांकांना (एका सेंटीमीटरमध्ये मावणाऱ्या लहरींची संख्या) आहे. पायऱ्या सारख्या असत्या तर दोन पायऱ्यांची उडी ५७७२ ला यायला हवी होती. ती येते ५६६८ ला. शंभराहून अधिक तरंगांकांची ही तफावत मी दरवर्षी शिकवली. पाण्याला जो फिकट निळा रंग आहे तोसुद्धा अशाच वरच्या उड्यांमुळे आहे, कारण त्या लाल टोकाचा प्रकाश शोषतात. (आपल्या समुद्राकडे पाहून यावर विश्वास ठेवणे कठीण आहे, हे मान्य.) अशा उड्यांना आदर्श वाडग्यात जवळपास स्थानच नाही.

ब्रिस्टलच्या त्याच प्रयोगात पाण्याच्या रेणूचाही समावेश होता. मग माझा नवा प्रश्न असा : ब्रिस्टलवाल्यांनी पाण्याच्या रेणूत हा बिघाड कसा आणला? आणि तो आणल्यावर शंकेखोर यांची फूरियेची युक्ती चालते का?

पवई_तळ्याकाठी

सर, लोट्यांचा व्हिडिओ असेल तर कृपया पाठवा. मी तो आमच्या गटाच्या बैठकीत दाखवते.

त्या प्रयोगात पाण्याच्या विषमतेचा, म्हणजे तुम्ही म्हणता त्या बिघाडाचा, परिणाम दाखवला होता, हे खरे. पण तिथे फोटॉनांची संख्या लहान होती आणि संख्या लहान असली की ‘दोन पुंज असतील तर कला इतकी वळव’ अशी दुरुस्ती वेगळ्या मार्गाने आत घालता येते. मोठ्या रेणूसाठी हेच करायचे तर पुन्हा वर ऐरोलीच्या ताईंनी सांगितलेली नाणेफेक येते, किंवा एकेका फोटॉनने दुसऱ्याची कला वळवावी असा पदार्थ लागतो, आणि तितका जोरदार पदार्थ चिपवर बसवणे अजून प्रयत्नांच्या टप्प्यात आहे.

फूरियेचे आटोपशीर सूत्र मात्र विषमता आली की हातचे जाते, कारण ते गाउसी, म्हणजे घंटेसारख्या, आकारांवर उभे आहे. म्हणजे जिथे प्रकाश सोपा आहे तिथे साधा संगणकही पुरतो, आणि जिथे साधा संगणक अडतो तिथे प्रकाशही अडतो. या दोन हद्दींच्या मध्ये एखादी पट्टी आहे का, जिथे थोडीशी विषमता यंत्रात परवडते पण गणिताला परवडत नाही, हे शोधणे हाच माझ्या प्रबंधाचा विषय आहे. म्हणून वर मी जरा जास्त जोरात बोलले असेन.

शंकेखोर_सीएसएमटी

हे आधीच सांगितले असते तर इतके प्रतिसाद लागले नसते. आता मला रस वाटू लागला आहे. सुरुवात कोणत्या रेणूपासून करणार? माझी सूचना अमोनियाची. चार अणू आहेत, म्हणजे तुमच्या सहा वाटा पुरतात, आणि त्याचा छत्रीसारखा आकार उलटा होतो, म्हणजे तिथे वाडगा एक नसून दोन आहेत. विषमता याहून जास्त कुठे मिळणार?

पवई_तळ्याकाठी

अमोनिया सुरुवातीला नको. दोन वाडगे म्हणजे पट्टीच्या पार पलीकडे. ब्रिस्टलच्या गटाने अमोनिया घेतला होता, पण त्याचा एक हायड्रोजन कोणत्या आरंभस्थितीतून जास्त सुटेल हे शोधण्यासाठी. मी दोनच अणूंपासून सुरुवात करणार आहे. सरांचा हायड्रोजन क्लोराइड.

माटुंग्याचा_मास्तर

मग कपाट उघडावे लागेल. महाविद्यालयाचे जुने अवरक्त यंत्र भंगारात गेले तेव्हा त्याच्या आलेखांची एक गुंडाळी मी घरी आणली होती. आज काढून पाहिली. कागद पिवळा पडला आहे, पण हायड्रोजन क्लोराइडच्या रेघा स्वच्छ आहेत आणि प्रत्येक रेघेला शेजारी लहान जोडीदार आहे, क्लोरीनच्या ३५ आणि ३७ या दोन समस्थानिकांमुळे. दोन पायऱ्यांची उडी त्या यंत्राच्या आवाक्यात नव्हती, त्यामुळे ५६६८ तुम्हाला पुस्तकातून घ्यावे लागेल. बाकी गुंडाळी रविवारी घेऊन जा. माटुंगा रोड स्थानकाच्या पश्चिमेला उतरून फोन करा, मी खाली येतो.